गोलाग्र मुद्राक्षरे

गोलाग्र मुद्राक्षरे : ज्या मुद्राक्षरांच्या सर्व रेषा जवळजवळ सारख्या जाडीच्या असतात, ज्यांच्या रेषांच्या टोकांशी सेरिफ म्हणजे बारीक आडवी पुच्छरेषा नसते आणि ज्यांची टोके चौकोनी छाटलेली नसून अर्धवर्तुळाकार असतात, त्या मुद्राक्षरांना गोलाग्र मुद्राक्षरे म्हणतात. रोमन लिपीच्या मुद्रणव्यवहारात हा प्रकार ‘राउंडेड सॅन्स सेरिफ’ या नावाने ओळखला जातो. सेरिफविरहित मुद्राक्षरांच्या मोठ्या कुळाची ही एक शाखा होय. तिच्यातील जाड अक्षरे खेळणी, खाऊ, बालवाङ्मय, घरगुती वस्तू, दूरध्वनिसेवा, संगणकीय सेवा इत्यादींच्या नाममुद्रांसाठी विशेषेकरून वापरली जातात. कारण ती पाहणाऱ्याला सौम्य व स्नेहशील वाटतात, असा समज रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, तो कसा निर्माण झाला आणि त्याचा लाभ घेताना वाचनीयतेची कोणती किंमत द्यावी लागते, हे या विषयातील मुख्य प्रश्न आहेत. देवनागरीसारख्या लिपीत तर ते अधिकच महत्त्वाचे ठरतात.

स्वरूप व रचना : गोलाग्र अक्षर म्हणजे साध्या अक्षराचे कोपरे घासून काढलेले अक्षर, असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु त्याची रचना इतकी सोपी नाही. पूर्ण गोलाग्र अक्षरात टोकाच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या रेषेच्या निम्म्या जाडीइतकी असते. काही मुद्राक्षरांत केवळ कोपरेच थोडे मृदू केलेले असतात व टोकाचा मधला भाग सपाटच राहतो. त्यांना अर्धगोलाग्र म्हणता येईल. दोन्ही प्रकारांत टोकाशी शाईचे क्षेत्रफळ घटते आणि त्यामुळे रेषा प्रत्यक्षापेक्षा आखूड दिसते. गोल ‘ओ’ हे अक्षर चौकोनी बांध्याच्या अक्षरांच्या उंचीचे दिसावे म्हणून ते आधाररेषेच्या किंचित खाली व वरच्या रेषेच्या किंचित वर न्यावे लागते, हे मुद्राक्षरकारांना पूर्वीपासून ठाऊक आहे. गोलाग्र वळणात हाच नियम केवळ गोल अक्षरांना नव्हे, तर जवळजवळ प्रत्येक उभ्या रेषेला लावावा लागतो. तसे न केल्यास ओळीतील अक्षरे कमीअधिक उंचीची भासतात.

दुसरी अडचण रेषांच्या सांध्यांची आहे. जेथे कमान उभ्या रेषेला मिळते, तेथे जाड अक्षरात काळेपणा साचतो. तो टाळण्यासाठी सांध्याजवळ रेषा किंचित बारीक करतात. मात्र हा बदल वाचकाच्या लक्षात येता कामा नये. अन्यथा सर्व रेषा सारख्या जाडीच्या असल्याचा आभास मोडतो. तिसरी अडचण अक्षरातील पोकळ्यांची होय. रेषा जितकी जाड, तितकी आतील पांढरी जागा कमी. ही पोकळी अक्षराच्या ओळखीचा एक आधार असते. ती बुजली की अक्षरे एकसारखी दिसू लागतात.

आकारमानाचाही विचार करावा लागतो. जाड अक्षराच्या रेषेची जाडी त्याच्या देहाच्या सातव्या हिश्शाइतकी धरल्यास, १० पॉइंट म्हणजे सु. ३·५ मिमी. देहाच्या अक्षरात ती ०·५ मिमी. भरते आणि टोकाच्या गोलाईची त्रिज्या केवळ पाव मिमी. येते. ७२ पॉइंटच्या म्हणजे सु. २५ मिमी. देहाच्या अक्षरात हीच त्रिज्या सु. १·८ मिमी. होते. यावरून या अक्षरांचे खरे क्षेत्र नामफलक, वेष्टने, मथळे व भित्तिपत्रके हे आहे, हे स्पष्ट होते. पुस्तकाच्या मजकुरात त्यांची गोलाई डोळ्यास दिसत नाही, तोटे मात्र शिल्लक राहतात.

ऐतिहासिक आढावा : सेरिफविरहित रोमन मुद्राक्षरांचा पहिला ज्ञात नमुना लंडन येथील ओतशाळेचे चालक विल्यम कॅस्लन (चौथे) यांच्या १८१६ च्या नमुनापुस्तिकेत आढळतो. त्यात केवळ मोठी लिपी होती. पुढील दोन दशकांत जाहिरातींचे मुद्रण वाढले आणि दुरून दिसणाऱ्या मोठ्या अक्षरांची गरज निर्माण झाली. धातूचे मोठे खिळे जड व महाग पडत; म्हणून लाकडी खिळे प्रचारात आले. न्यूयॉर्क येथील डॅरियस वेल्स यांनी १८२७ च्या सुमारास फिरत्या पात्याच्या यंत्राने लाकडी खिळे कोरण्याची पद्धत सुरू केली. फिरते पाते आतला कोपरा काटकोनी कोरू शकत नाही. तो गोलच राहतो व नंतर हाताने साफ करावा लागतो. अमेरिकेतील लाकडी खिळ्यांच्या नमुन्यांत एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातच गोल टोकांची सेरिफविरहित अक्षरे दिसू लागतात.

गोल टोक हे पुष्कळदा साधनातूनच निर्माण झालेले आहे. गोल निबाची लेखणी, आराखड्यांवर अक्षरे काढण्याची नळीसारखी लेखणी, धातूच्या पाट्यांवर अक्षरे कोरणारे फिरते हत्यार, फळ्यावरचा खडू या सर्वांची रेघ आपोआपच गोल टोकाची येते. झॉर्झ क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिस येथे निऑन दिवे प्रदर्शित केले. त्यानंतर दुकानांवर झळकू लागलेल्या प्रकाशाक्षरांतही काचेची नळी तीक्ष्ण कोपऱ्यात वाकत नसल्यामुळे गोलाई अपरिहार्य होती. म्हणजे आज जी गोलाई हेतुपूर्वक योजिली जाते, तिचा आरंभ अनेक ठिकाणी हत्याराच्या मर्यादेत झालेला आहे.

खिळाछपाईत शाई दाबाने कडेबाहेर पसरे, त्यामुळे तीक्ष्ण कोपरेही कागदावर थोडे मऊ उमटत. छायाक्षरजुळणीच्या पद्धतीत प्रकाश कडेशी विखुरला जाऊन कोपरे बोथट होत; ते टाळण्यासाठी मूळ आरेखनातच कोपऱ्यांना बारीक काटे जोडीत असत. गोलाग्र अक्षरांना या दोषाची फारशी बाधा होत नव्हती. छायाक्षरजुळणी आणि घासून उमटविण्याच्या अक्षरपत्रांच्या प्रसारामुळे १९७० नंतरच्या दशकात या वळणाला विशेष बहर आला. ‘लेट्रासेट’च्या अक्षरपत्रांतील ‘फ्रँकफुर्टर’ हे अतिशय जाड वळण याच काळातील असून त्याचे नाव एका मांसपदार्थावरून पडले आहे. प्रसिद्ध ‘हेल्व्हेटिका’ (१९५७) या वळणाची गोलाग्र आवृत्ती १९७८ च्या सुमारास निघाली. जपानमध्ये युकिहिरो नाकामुरा यांनी आरेखित केलेले ‘नारु’ हे गोलाग्र वळण शाकेन या छायाक्षरजुळणी कंपनीने १९७२ मध्ये प्रसृत केले. जपानी भाषेत या शैलीला ‘मारु गोथिक’ म्हणतात. ‘मारु’ म्हणजे वर्तुळ.

या प्रकारातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘व्ही. ए. जी. राउंडेड’ हे होय. फोक्सवागेन या जर्मन मोटारकंपनीने १९६० नंतरच्या दशकात आउडीचा कारखाना ताब्यात घेतला आणि पुढे दोन्ही बनावटींच्या गाड्यांच्या विक्रीची व्यवस्था एकत्र केली. फोक्सवागेनच्या जाहिराती ‘फ्यूचरा’ या भौमितिक सेरिफविरहित वळणात, तर आउडीच्या ‘टाइम्स’ या सेरिफयुक्त वळणात छापल्या जात. दोहोंपैकी एकाचे वळण स्वीकारणे म्हणजे दुसऱ्याला गौण ठरविणे झाले असते. म्हणून दोघांनाही नवे असे तिसरे वळण तयार करण्यात आले (१९७९). गेरी बार्नी व त्यांचे सहकारी हे त्याचे आरेखक होत. ब्रिटिश रेल्वेचे दुहेरी बाणाचे चिन्हही बार्नी यांनीच काढले होते. हे वळण सु. १९९० पर्यंत त्या विक्रीव्यवस्थेत वापरात होते. पुढे ते सर्वांना उपलब्ध झाले व अनेक निरनिराळ्या व्यवसायांनी ते उचलले. अ‍ॅपल या कंपनीच्या संगणकांच्या कळफलकांवरही ते बरीच वर्षे होते. २०१५ पासून त्याची जागा त्या कंपनीच्या ‘सॅन फ्रान्सिस्को’ या वळणाने घेतली.

स्नेहभावाची मीमांसा : गोल आकार सौम्य आणि टोकदार आकार उग्र वाटतो, या अनुभवाचा मानसशास्त्रात पुष्कळ अभ्यास झालेला आहे. रेषांच्या आकाराशी लोक कोणत्या भावना जोडतात, याची पाहणी ए. टी. पॉफेनबर्गर व बी. ई. बॅरोज यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. व्होल्फगांग कलर यांनी १९२९ मध्ये दोन निरर्थक शब्द आणि दोन आकृत्या यांची सांगड घालण्याचा प्रयोग मांडला. ‘ताकेते’ हा शब्द टोकदार आकृतीला व ‘बालुमा’ हा गोलसर आकृतीला शोभतो, असे बहुतेकांना वाटते. व्ही. एस. रामचंद्रन व एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये ‘बूबा’ व ‘कीकी’ या शब्दांच्या आधारे याच विषयाची नव्याने चर्चा केली. मोशे बार व माइटल नेटा यांच्या २००६ मधील प्रयोगांत तीक्ष्ण कोपऱ्यांच्या वस्तूंपेक्षा वक्राकार वस्तू लोकांना अधिक आवडल्या. तीक्ष्ण कडा इजेची सूचना देत असावी, असे त्याचे एक स्पष्टीकरण त्यांनी सुचविले आहे.

तथापि या प्रयोगांवरून गोलाग्र अक्षर हे स्वभावतःच स्नेहशील असते, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. ‘व्ही. ए. जी. राउंडेड’चेच उदाहरण घेतल्यास एकच वळण आधी मोटारविक्रीच्या फलकावर आणि नंतर संगणकाच्या कळांवर आले. दोन्ही ठिकाणी त्याने सारखाच भाव व्यक्त केला, असे म्हणता येणार नाही. जपानमध्ये रस्त्यांवरील व स्थानकांवरील मार्गदर्शक फलकांवर गोलाग्र अक्षरे सर्रास आढळतात. तेथे ती लाडिक वाटत नाहीत. शासकीय सूचनेइतकी तटस्थ वाटतात. यावरून असे दिसते, की आकार केवळ एक कल निर्माण करतो. अर्थ मात्र वापराच्या परंपरेने ठरतो. जे वळण खेळण्यांवर व खाऊच्या पुड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, ते इतरत्र दिसले की बालपणाची आठवण सोबत आणते. मराठी वाचकापुरते बोलावयाचे, तर पाटीवर पेन्सिलीने गिरवलेला पहिला ‘श्रीगणेशा’ हा सारख्या जाडीचा व बोथट टोकांचाच असतो. पुढे टाक वा बोरू हाती आला, की अक्षराला जाडबारीकपणा येतो. म्हणून एकसारख्या जाडीचे गोल अक्षर हे शिकाऊ, निरागस हाताचे अक्षर म्हणून मनात ठसलेले असते.

व्यापारी उपयोग : नाममुद्रेसाठी गोलाग्र जाड अक्षरे निवडण्यामागे काही व्यावहारिक कारणेही आहेत. जाडीमुळे नाव दुरून व अल्पकाळात टिपता येते. टोके गोल असल्याने छपाईतील, भरतकामातील वा साच्यातील प्लॅस्टिकवरील किरकोळ दोष खपून जातात. साच्यातून निघणाऱ्या वस्तूंवर तीक्ष्ण कोपऱ्यांपेक्षा गोल कडा अधिक टिकतात. संगणकाच्या आरंभीच्या पडद्यांवर चित्रबिंदू मोठे असल्यामुळे बारीक गोलाई उमटत नसे. पडदे अधिक सूक्ष्म झाल्यावर ती अडचण बव्हंशी दूर झाली. भ्रमणध्वनीवरील गोल कोपऱ्यांच्या चौकटी व चिन्हे यांच्याशी ही अक्षरे सहज मिळून जातात.

परंतु ज्या गुणामुळे ती निवडली जातात, तोच पुढे दोष होऊ शकतो. अनेक व्यवसायांनी एकाच प्रकारचे मृदू वळण स्वीकारले, म्हणजे नाममुद्रेचे पहिले प्रयोजन, म्हणजेच वेगळी ओळख, नाहीसे होते. त्याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. कर्जाच्या किंवा विम्याच्या अटी गोल अक्षरांत छापल्याने सौम्य होत नाहीत. वाचकाची सावधगिरी मात्र कमी होण्याचा संभव असतो. धोक्याची सूचना, औषधाची मात्रा, विजेच्या दाबाचा इशारा अशा ठिकाणी अक्षराने आश्वासन देण्यापेक्षा नेमकेपणा राखणे अगत्याचे असते. अक्षराचा सूर आणि मजकुराचा आशय यांत विरोध नसावा, हे मुद्राक्षरयोजनेचे जुने तत्त्व येथे कसोटीस लागते.

देवनागरी गोलाग्र मुद्राक्षरे : देवनागरीचे पारंपरिक वळण तिरक्या कापलेल्या बोरूचे आहे. त्यात रेषेची जाडी दिशेनुसार बदलते व टोके तिरपी छाटलेली असतात [→ सुलेखन]. गोलाग्र वळणात हा जाडबारीकपणा सोडून द्यावा लागतो. त्यामुळे देवनागरीसाठी ही केवळ टोकांची नव्हे, तर समग्र वळणाची फेररचना ठरते.

पहिला प्रश्न शिरोरेषेचा. धातूच्या खिळ्यांत प्रत्येक अक्षरावर शिरोरेषेचा स्वतंत्र तुकडा असतो आणि खिळे शेजारीशेजारी बसले, की ते तुकडे जुळून शब्दाची सलग रेषा तयार होते. हे तुकडे गोल टोकांचे केले, तर दोन अक्षरांमध्ये वरून व खालून खाचा पडतील. चौकोनी ठेवले, तर शब्दाच्या आरंभी व अखेरीस रेषा बोथट न दिसता छाटलेली दिसेल. संगणकीय मुद्राक्षरांत शेजारच्या अक्षरांचे तुकडे एकमेकांवर सरकविता येतात. प्रत्येक तुकडा आपल्या हद्दीबाहेर रेषेच्या निम्म्या जाडीइतका नेला, तर मधली गोल टोके शेजारच्या तुकड्यात बुडून जातात आणि शब्दाच्या दोन्ही टोकांना तेवढी गोलाई उरते. खिळ्यांच्या काळात जे दुःसाध्य होते, ते अशा रीतीने सुसाध्य झाले [→ मुद्रण].

दुसरा व अधिक महत्त्वाचा प्रश्न अक्षरभेदाचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांतील भेद प्रामुख्याने शिरोरेषेतील लहानशा खंडावर व तेथील गाठीवर अवलंबून असतो. रेषा जाड व टोके गोल झाली, की हा खंड आक्रसतो, गाठ ठिपक्यासारखी दिसते आणि ‘घन’ व ‘धन’, ‘मार’ व ‘भार’ हे शब्द दुरून सारखे भासू लागतात. ‘व’ व ‘ब’, ‘प’ व ‘ष’ यांच्यातील भेद पोकळीतून जाणाऱ्या तिरप्या रेषेने दाखविला जातो. पोकळी बुजली, की तोही पुसट होतो. शिवाय देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व ऋकार अशी तीन मजल्यांची मांडणी असते. त्यामुळे तेवढ्याच देहात मूळ अक्षराला रोमन अक्षरापेक्षा कमी जागा मिळते. रोमन नाममुद्रेची जाडी जशीच्या तशी देवनागरीत उतरविली, तर जोडाक्षरे काळ्या गोळ्यांसारखी दिसतात. जाडी किंचित कमी करणे, खंड प्रमाणापेक्षा अधिक रुंद ठेवणे व गाठी सुटसुटीत करणे हाच त्यावर उपाय होय.

या दिशेने महाराष्ट्रात झालेले प्रयत्न उल्लेखनीय आहेत. मुंबईतील ‘एक टाइप’ या मुद्राक्षरकारांच्या गटाने ‘मोदक’ हे देवनागरी व रोमन अक्षरांचे वळण तयार केले. सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे हे त्याचे आरेखक होत. नावाप्रमाणेच हे वळण कमालीचे गुटगुटीत आहे. त्यात अक्षरांतील पोकळ्या जवळजवळ नाहीशा केल्या असून केवळ बारीक पांढऱ्या चिरांनी अक्षराची ओळख राखली आहे. मोठ्या मथळ्यातच ते वापरावे, हे उघड आहे. पोकळी कितपत कमी करता येते, याची ही एक सीमाच मानता येईल. याच गटाचे ‘बालू’ हे वळण त्या मानाने संयत आहे. रडयर्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधील अस्वलाची आठवण करून देणारे हे नाव असून देवनागरीबरोबर इतर भारतीय लिपींतही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्या त्या भाषेतील भाऊ या अर्थाचा शब्द प्रत्येक आवृत्तीच्या नावाला जोडलेला आहे, उदा., गुजरातीसाठी ‘भाई’, बंगालीसाठी ‘दा’, तमिळसाठी ‘तंबी’, मलयाळम्‌साठी ‘चेट्टन’. प्रत्येक लिपीचा स्वभाव सांभाळून सर्वांत एकच घरगुती सूर आणणे, हा त्यामागील हेतू या नावांतूनही सूचित होतो. दोन्ही वळणे विनामूल्य उपलब्ध असल्याने ती कोणासही वापरता येतात.

निवडीचे निकष : गोलाग्र मुद्राक्षर निवडताना काही गोष्टी पडताळून पाहणे हिताचे असते. ज्या सर्वांत लहान आकारात नाव छापले जाणार, त्या आकारात पोकळ्या उघड्या राहतात काय. ‘घ’-‘ध’ व ‘म’-‘भ’ यांसारख्या जोड्या दुरून वेगळ्या ओळखू येतात काय. एकाच फलकावर देवनागरी व रोमन अक्षरे आली, तर दोहोंचा काळेपणा सारखा दिसतो काय. आणि नावासाठी योजलेले वळण सूचना, अटी व प्रमाणे यांच्या मजकुरासाठीही वापरले जात नाही ना, हे पाहावे. नाव मृदू अक्षरांत व महत्त्वाचा मजकूर स्पष्ट, साध्या अक्षरांत ठेवल्यास दोन्ही प्रयोजने साधतात. अक्षराने वाचकाचे स्वागत करावे, हे योग्यच आहे; परंतु स्वागत झाल्यावर वाचकाला जे वाचावयाचे आहे, ते त्याला चुकल्याविना वाचता आले पाहिजे. या कसोटीला उतरते तेच मुद्राक्षर खऱ्या अर्थाने स्नेहशील म्हणता येईल.